चामड्याला वास कधी येतो

दोस्तहो, पायातला बूट काढून हातात घ्या. नाक मुरडू नका, आपलाच पाय आहे. आता बोटांकडची बाजू नीट बघा. वरचं चामडं पुढच्या टोकाला गोल वळून तळाखाली गेलंय. वर एक सुरकुती नाही. सपाट कातड्याचा तुकडा पायाच्या आकारावर असा बसवणं हे बूट बनवण्यातलं सगळ्यात अवघड काम. लाकडाच्या पायावर, म्हणजे फर्म्यावर, चामडं चढवायचं. पकडीने कडेकडेने ओढायचं. टाचेपाशी आणि बोटांपाशी बारीक चुण्या घालायच्या. तळाखाली दुमडायचं आणि चुका मारून पक्कं करायचं. जास्त ओढलं तर फाटतं, कमी ओढलं तर बूट ढिला. शेकडो वर्षं हे हातानेच चालायचं.

ते यंत्रावर आणून दाखवलं एका काळ्या माणसाने. परमुलखातून आलेला, जहाजावरचा खलाशी, आल्या वेळी इंग्रजी धड येत नव्हतं. नाव यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर. जन्म १८५२, मरण १८८९. वय ३६, रोग क्षय.

मॅट्रिकपर्यंत माझ्या विज्ञानाच्या पुस्तकांत हे नाव आलं नाही. एडिसन आला, न्यूटन आला, त्याचं सफरचंद आलं. रविवारच्या पुरवणीत यानवर कधी लेख छापून आलाच तर तो 'जिद्दीची कहाणी' म्हणून येईल. गरीब होता, काळा होता, तरी वर आला. तुम्हीही या वर. म्हणजे वर न येणाऱ्याचा दोष त्याचाच. असली जिद्द मला सांगायची नाय. मला त्याच्या हातातलं काम सांगायचंय, आणि त्या कामाचं पुढे काय झालं ते.

दक्षिण अमेरिकेत डचांची वसाहत होती, डच गियाना. आज त्या देशाला सुरिनाम म्हणतात. तिथल्या पारामारिबो शहरात यान जन्मला. बाप गोरा, डच सरकारच्या यंत्रशाळेवरचा इंजिनियर. आई काळी, तिथलीच. त्या वेळी तिथे माणसं विकत मिळायची. १ जुलै १८६३ ला कायद्याने गुलामी संपली. नुकसानभरपाई दिली गेली, माणशी ३०० गिल्डर. कुणाला? मालकाला. ज्याचं आयुष्य गेलं त्याला आणखी दहा वर्षं सरकारच्या देखरेखीखाली मजुरीची सक्ती. ती दहा वर्षं भरली त्याच साली, १८७३ मधे, कलकत्त्याहून 'लाला रुख' नावाचं जहाज तिथे पोचलं. त्यात आपल्या देशाची करारावर नेलेली माणसं होती, मळ्यावर राबायला. एकाची बेडी काढली ती दुसऱ्याच्या पायात घातली. इतिहासात याला सुधारणा म्हणतात.

गुलामीचा कायदा संपला तेव्हा यान दहा वर्षांचा होता. त्याच वयात तो यंत्रशाळेत उमेदवारीला लागला. बापाच्या जातीचा दरवाजा त्याला इतकाच उघडा, हत्यारं पुसायला आणि यंत्र बघायला. त्याने बघितलं. १९ व्या वर्षी, १८७१ ला, जहाजावर नोकरी धरून तो निघून गेला. दोन वर्षं समुद्रावर. गोदीत काम करणाऱ्याला हे सांगायला नको की जहाज म्हणजे तरंगता कारखाना असतो. विंच अडकली तर मधल्या समुद्रात मिस्त्री कुठून आणणार? ज्याला कळतं तो खोलतो. १८७३ ला तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला उतरला. हातात यंत्राचं काम होतं, पण कातडी काळी. त्यामुळे मिळेल ते काम. तिथेच चामड्याशी त्याची गाठ पडली. आणि १८७७ च्या सुमाराला तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी आला.

लिन म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतलं जोड्यांचं मोठं गाव. घराघरात जोडे, पुढे कारखान्याकारखान्यात जोडे. १८६० मधे इथल्या हजारो जोडे कामगारांनी संप केलेला. शिलाईचं यंत्र आलेलं, तळ शिवणारं मॅकेचं यंत्र आलेलं. यान हार्नी ब्रदर्सच्या कारखान्यात अशाच तळ शिवायच्या यंत्रावर लागला. चामडं कापणं यंत्राने, शिवणं यंत्राने. सगळं धडाधड व्हायचं आणि एका जागी येऊन थांबायचं. ती जागा म्हणजे फर्म्यावर चामडं ओढणारे कारागीर. त्यांना तिथे लास्टर म्हणत. त्यांच्यापुढे अर्धवट जोड्यांचे ढीग लागायचे आणि मालक मुकाट बघायचा. चांगला लास्टर दहा तासांच्या दिवसात पन्नासेक जोड काढायचा. त्याहून जास्त नाही. आणि जगात कुणी माईचा लाल नाही जो हे काम यंत्राकडून करून घेईल, असा त्यांचा पक्का समज. १८७९ ला लिनमधे त्यांनी स्वतःची युनियन बांधली. कारखान्यात सगळ्यात ताठ मानेने चालणारे, चांगली मजुरी घेणारे हे लोक.

इथे मला थांबायचंय. लेखात याच जागी मी अडकलोय आणि तुम्हीही अडका.

फर्म्यावर ओलं चामडं ओढणारा गोरा माणूस लिनमधे मान वर करून चालायचा. मालक त्याला दबून. आपली कला बाहेर जाऊ नये म्हणून तो पहारा द्यायचा. आणि तेच चामडं, तोच फर्मा, तीच पकड इथे आपल्या माणसाच्या हातात आली की काय होतं? गावाबाहेर घर. वरून ओतलेलं पाणी. जोडा मापाला नीट बसला की गिऱ्हाईक खूष, पण पैसे देताना लांबून टाकणार. त्याने शिवलेलं पायात चालतं, त्याच्या हातचा चहा चालत नाही.

मग वास कशाला येतो, चामड्याला? चामडं दोन्हीकडे मेलेल्या जनावराचंच. लिनमधे गाय काय स्वर्गातून सोलून यायची? डॉक्टर मढं फाडतो, त्याच्या घरी लग्नात जेवायला लोक रांगा लावतात. वास कामाला येत नाही. काम करणाऱ्याला जन्माआधीच ठरवून ठेवलेलं असतं, मग तो जे हातात घेईल त्याला वास. उद्या त्याने अत्तर विकलं तर अत्तराला येईल. पंडित लोक सांगतात की जात म्हणजे कामाची वाटणी, कुणी घाण काम करायचं, कुणी स्वच्छ. लिनकडे बघा आणि मग त्यांना विचारा, चामडं ओढणं घाण आहे हे कुणी ठरवलं?

आता आपल्याच घरात येतो. बाहेरच्याला शिव्या घालणं सोपं असतं. आपल्या चाळीत, आपल्या मंडळात, निळ्या झेंड्याखाली आपण महार, चांभार, ढोर, मांग हे मोजतो की नाही? माझ्या घरी मी लहान असताना समोरच्या चांभाराच्या पोराबरोबर जेवलो तर आजी काही बोलायची नाही, पण ढोराच्या घरचं विचारून घ्यायची. आणि चांभाराची आई आमच्याबद्दल काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे. शिडी त्यांनी बांधली, पण आपल्या पायरीखालची पायरी आपणच पुसून लख्ख ठेवतो. शिकलेली पोरं तर बापाची रापी आणि आरी माळ्यावर टाकतात, पाहुणे आले की ऐरण पलंगाखाली सरकवतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा म्हणून सांगितलं, लाचारी सोडा म्हणून सांगितलं. शंभर टक्के बरोबर. ती वेठ होती, ती टाकायलाच पाहिजे होती. पण वेठ टाकताना हातातलं ज्ञानही टाकून द्यायचं का? मेलेलं जनावर फुकट ओढून नेणं वेगळं आणि सपाट कातड्याला पायाचा आकार देता येणं वेगळं. पहिलं गुलामी. दुसऱ्याला अमेरिकेच्या सरकारने पेटंट दिलंय.

यानने ते कसं केलं ते ऐका. दिवसभर कारखान्यात यंत्र चालवायचं आणि लास्टरच्या हातांवर नजर ठेवायची. अंगठा कुठे दाबतो, मनगट कधी वळतं, चुणी किती पकडीत बसते. संध्याकाळी रात्रशाळेत इंग्रजी. पुस्तकं मागून आणायची, जुनी घेतलेली नकाशे काढायची पेटी. आणि मग खोलीत बसून सिगारची खोकी, लाकडाचे तुकडे, तार, खिळे यांचं यंत्र. पहिलं असंच झालं, भंगाराचं, सहाएक महिन्यांत. कुणीतरी त्याला त्याचे ५० डॉलर देऊ केले. उपाशी माणसाला ५० डॉलर! तो नाही म्हणाला. मग लोखंडाचे जुने तुकडे जमवून दुसरं, त्यात वर्षं गेली. बोटांपाशी चुण्या घालणारा जो भाग आहे, नुसत्या तेवढ्या भागाचे १५०० डॉलर देणारा आला. त्यालाही नाही म्हणाला. मक्याच्या पिठाच्या लापशीवर दिवस काढत होता. ही लापशी पुढे लागते, ध्यानात ठेवा.

त्याचं यंत्र काय करायचं? फर्म्यासकट बूट धरायचं, पकडीने चामड्याची कड ओढायची, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा ओढायची, टाचेपाशी आणि बोटांपाशी वळायचं, चुण्या घालायच्या, चूक ठोकायची. म्हणजे लास्टरचा हातच. त्याने हवेतून काही काढलं नाही. हातात जे होतं तेच लोखंडात उतरवलं. विज्ञान विज्ञान म्हणतात ते दुसरं काय असतं? हाताला कळलेलं कागदावर आणि लोखंडात आणणं. आपल्याकडे हात एका जातीचा आणि कागद दुसऱ्या जातीचा, म्हणून इथे कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, धारावीच्या एवढ्या हातांमधून एक यान निघाला नाही. डोकं कमी होतं म्हणून नव्हे. पोराला रापी धरायला बसवायचे, पाटीवर हात ठेवू देत नव्हते. आणि पाटीवाल्याला रापीला हात लावायची लाज.

पण एकट्याने लोखंडाचं यंत्र होत नाही, पैसा लागतो. लिनच्या दोन माणसांनी पैसा घातला, डेलनो आणि निकोल्स. बदल्यात हिस्सा किती? तीनातले दोन. ज्याने लापशी खाल्ली त्याच्याकडे तिसरा भाग राहिला. मी त्या दोघांना राक्षस म्हणत नाही, पैसा असाच वागतो. सावकाराने बियाणं दिलं की पीक कुणाचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पेटंटसाठी नकाशे वॉशिंग्टनला पाठवले, तर तिथल्या लोकांना ते कळेचनात. असं यंत्र असू शकतं यावर विश्वास बसेना. शेवटी माणूस पाठवून लिनमधे यंत्र डोळ्यांनी बघितलं. २० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं, क्रमांक २७४२०७. २९ मे १८८५ ला कारखान्यात लोकांसमोर चाचणी झाली, यंत्राने ७५ जोड बिनचूक काढले. पुढे त्याच्यावर दिवसाला १५० पासून ७०० जोड निघायला लागले. हाताने ५०. जोडे स्वस्त झाले. कारखान्याचा बूट गरिबाच्या पोराच्याही पायात आला.

आणि लास्टर? त्यांचा भाव उतरला. हे लपवून यानचा जयजयकार करता येणार नाही. काळ्या माणसाने यंत्र केलं आणि कामगाराच्या पोटावर पाय आला, असं म्हणणारे डावे दोस्त आपल्याकडे निघतील. मला माझ्या बापाची टोळी आठवते. गोदीत पोती पाठीवर घेऊन जहाज रिकामं करायला दिवसच्या दिवस लागायचे, शेकड्याने माणसं लागायची. कंटेनर आले. १९८९ ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतलं काम खाडीपलीकडे गेलं. टोळ्या मोडल्या. बाप अजून कंटेनरला आयमायवरून शिव्या घालतो. मी त्याला म्हणतो, बाबा, तुझी पाठ बघ. ती पोती तुला परत पाहिजेत का? तो म्हणतो, पोती नकोत, मजुरी पाहिजे. बाप मॅट्रिक नाही, पण मुद्दा बरोबर पकडतो. यंत्राने घाम वाचवला तर वाचलेल्या घामाचे पैसे कुठे गेले? लास्टरकडे गेले नाहीत. यानकडेही फारसे गेले नाहीत. आणि ते लास्टरही काही साधे नव्हते. हुनराचं दार बंद करून बसलेले. दार बंद ठेवणाऱ्याला वाटतं की चावी कायम आपल्याकडेच राहील. मग कुणीतरी भिंतीतून येतो.

धर्माचंही ऐका. यान देवभोळा होता, मला ते आवडत नाही, पण होता. लिनमधे कॅथलिकांच्या चर्चमधे गेला, एपिस्कोपलांकडे गेला, युनिटेरियनांकडे गेला. काळा म्हणून सगळीकडे नाही. येशूच्या घरीही पायरी होती. शेवटी नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या तरुण मंडळाने त्याला घेतलं. तिथे रविवारच्या शाळेत तो पोरांना शिकवायचा. काळारामाच्या दारात १९३० ते ३५ उभे राहून आपण जे शिकलो ते त्याला कुणी सांगायला नव्हतं. आपण ते दार सोडून दिलं. तो चौथं दार शोधत गेला. याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. परमुलखात एकट्या माणसाला संध्याकाळी बोलायला कुणीतरी लागतं.

१८८६ च्या उन्हाळ्यात त्याला सर्दी झाली म्हणतात, ती सर्दी नव्हती, क्षय होता. लापशी, थंड खोली, रात्रंदिवस काम, त्याचं हे बिल आलं. अंथरुणावरही तो नकाशे काढत होता, आणि त्याची पुढची पेटंटं मंजूर झाली तेव्हा तो नव्हता. २४ ऑगस्ट १८८९ ला गेला. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. स्वतःचे शेअर ज्या चर्चने घेतलं त्याला देऊन गेला. पुढे त्या पैशातून चर्चचं कर्ज फिटलं. बाकी यंत्र कंपन्यांच्या हातात. १८९९ मधे जोड्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी कंपनी झाली. तिची तऱ्हा बघा. यंत्र विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. कारखाना तुझा, कामगार तुझे, पण यंत्र माझं, भाडं भर. अमेरिकेच्या बूटधंद्यावर ती अनेक वर्षं मांड ठोकून बसली, इतकी की १९५३ मधे कोर्टाला तिला मक्तेदार ठरवावं लागलं. यान मेल्यावर चौसष्ट वर्षांनी. लापशी ध्यानात आहे ना?

१९९१ मधे अमेरिकेने त्याचं टपाल तिकीट काढलं, २९ सेंटचं. मेलेल्या काळ्या माणसाचं तिकीट काढायला कुणाचीच हरकत नसते.

आपली नाळ अमेरिकेतल्या काळ्यांशी आहे. ब्लॅक पँथर १९६६, दलित पँथर १९७२. नाव आपण तिकडून घेतलं ते शौक म्हणून नाही घेतलं. पण तिकडच्या माणसांमधून आपण भाषण करणारे आणि बंदूक धरणारेच उचलले. हातात पाना धरणारे उचलले नाहीत.

आता आपल्या दारातलं बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मधे भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. जून २०२५ मधे इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीने तसल्याच चपला घालून पोरं रॅम्पवर चालवली. कोल्हापूरचं नाव नाही. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने मान्य केलं की होय, ही भारतातल्या हस्तकलेवरून घेतलेली कल्पना. तोपर्यंत आपल्या पेपरांनी अस्मितेची आरोळी ठोकलेली. महाराष्ट्राची चप्पल! मराठी माणसाची कला! च्यायला, चप्पल चोरीला गेली की महाराष्ट्राची आणि शिवायला बसली की चांभाराची? ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी चप्पल शिवणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायलंय, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं तर म्हणाले, जात मधे आणू नका. जात आम्ही मधे आणत नाही, ती शिलाईच्या दोऱ्यातच आहे.

मी स्टेशनबाहेर बसणाऱ्या आमच्या ओळखीच्या चांभारकाकांना यानची सगळी गोष्ट सांगितली. ते माझ्याच बुटाला टाके घालत होते. तिकिटाचं आणि कंपनीचं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. चुण्या घालणाऱ्या पकडीचं सांगितलं तेव्हा हात थांबला. म्हणाले, "चुणी उलटी घालत असेल तो. सरळ घातली तर चामडं टोकाला वर येतं." मग बोटाने करून दाखवलं. मला निम्मं कळलं.

म्हणून संपादकांना विचारून हे लिहितोय. ज्यांच्या घरात अजून रापी, आरी, ऐरण, फर्मा आहे त्यांनी बापाजवळ बसून लिहून पाठवा. कुठल्या हत्याराला काय म्हणतात, चामडं किती वेळ भिजवतात, चुणी कशी घालतात, कोण कुणाकडून शिकलं. ज्यांच्याकडे झाडूचं, वाखाचं, बांबूचं, हलगीचं काम आहे त्यांनीही. भाषेची फिकीर नको, जसं बोलता तसं. चित्र काढता आलं तर काढा. कविता नको, कवितांचा ढीग इथे आधीच पडलाय, त्यातल्या दोन माझ्याच आहेत.